बाहेरच्या झडपेचा दांडा

मी एक जुना दांडा आहे. लोखंडाचा, हातभर लांब, टोकाला पितळेची मूठ. मूठ आता हिरवी पडली आहे आणि अंगावर गंजाचे पोपडे आहेत, पण कणा अजून ताठ आहे. कुठला दांडा, असं विचाराल तर सांगून टाकतो, त्यात लाजायचं काय? मी पाणबुडीतल्या संडासाचा दांडा आहे. हसून घ्या, मित्रांनो. आधी हसून झालं की पुढचं नीट ऐकू येतं, असा माझा अनुभव आहे.

माझ्यावर एक आळ होता. एक अख्खी पाणबुडी माझ्यामुळे बुडाली, मला सांभाळणाऱ्या खलाशाच्या हलगर्जीपणाने बुडाली, असं लोक वर्षानुवर्षं बोलत होते. माझं सोडा, मी लोखंड. पण त्या खलाशाची बायको किनाऱ्यावर होती आणि हे सगळं तिच्या कानांवर पडत होतं. ती गोष्ट खोटी होती. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी पडलो होतो समुद्राच्या तळाशी.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. युद्ध सुरू होतं, त्यामुळे भट्टी कधी विझत नसे आणि माणसं उभ्या उभ्या चहा पीत. आम्ही बरेच दांडे एकाच वेळी ओतले गेलो. एकाला दुर्बिणीच्या नळीवर बसवलं, दोघे टॉर्पेडोच्या तोंडाशी गेले. मला वाटलं, आपणही असेच कुठेतरी मानाच्या जागी जाऊ. फिटरने मला उचललं, पाणबुडीच्या पोटातल्या एवढ्याशा खोलीत नेलं आणि भांड्याशेजारी बसवून बोल्ट आवळले. समोरचं ते भांडं बघून माझं तोंडच उतरलं. तेवढ्यात फिटर आपल्या सोबत्याला म्हणाला की ह्या बोटीतला सगळ्यात धोक्याचा दांडा हाच आहे, ह्याचे बोल्ट तूही एकदा तपास. तेव्हा कुठे माझ्या जिवाला थोडं बरं वाटलं.

धोक्याचा का, ते समजून घ्या. तुमच्या घरी साखळी ओढली की काम झालं. पाणबुडी असते पाण्याखाली आणि बाहेरचा समुद्र आत घुसायला टपलेला असतो. म्हणून तिथे दोन झडपा असतात. एक आतली, भांड्याच्या बुडाशी, ती पायाने दाबून उघडायची. दुसरी बाहेरची, समुद्राच्या तोंडाशी, ती माझ्या ताब्यात. दोघींच्या मध्ये एक टाकी. आधी आतली झडप उघडून घाण टाकीत सोडायची आणि ती झडप मिटू द्यायची. मग मला वर उचलायचं, म्हणजे बाहेरची उघडते. हातपंप मारून टाकी रिकामी करायची आणि मला पुन्हा खाली दाबायचं. दोन्ही झडपा एका वेळी उघड्या राहिल्या, तर समुद्र थेट आत. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा. दांडा वर म्हणजे उघडं, दांडा खाली म्हणजे बंद.

सुरुवातीला मला कुणीही उचलायचं, कुणीही दाबायचं. नियमांची पाटी माझ्या डोक्यावरच होती, पण घाई लागलेल्या माणसाला पाटी कुठली दिसायला? एकदा आमच्या आचाऱ्याला अशीच घाई लागली. आचारी म्हणजे आडव्या अंगाचा गडी, मनाने मोठा आणि तोंडाने त्याहून मोठा. शेगडीवर दूध ठेवून आला होता. त्याने सगळं बरोबर केलं, मला वर उचललं, पंप मारला, आणि मला खाली दाबायचं विसरला. त्यावर सगळं गेलं का ते बघायला म्हणून आतल्या झडपेवर पाय दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! जे समुद्रात धाडलं होतं ते समुद्राने व्याजासकट परत केलं. आचारी डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊन निघाला, घसरला आणि मनगटावर आपटला. घसरताना पाय सुटला म्हणून आतली झडप मिटली, नाहीतर आमचा कारभार तिथेच आटोपला असता. इंजिनाकडून एक बारीकसा खलाशी धावत आला, त्या सगळ्या घाणीत गुडघे टेकून बसला आणि त्याने मला खाली दाबलं. तिकडे दूध उतू गेलं ते वेगळंच.

तो बारीकसा खलाशी म्हणजे शिंपी. युद्धाआधी तो खरोखरच शिंपी होता, एका गल्लीत त्याचं छोटं दुकान होतं. बोटीवर त्याचं काम इंजिनाला तेलपाणी करायचं, पण सुई-दोरा खिशात असायचाच. कुणाचा मोजा फाटला, कुणाची बाही उसवली, की तो शिंप्याला गाठायचा. कप्तानसुद्धा त्याच्याकडूनच बटणं लावून घ्यायचा.

आम्ही त्या दिवशी उथळ पाण्यात होतो, म्हणून चार बादल्यांवर निभावलं. सगळी बोट पोट धरून हसली. आचारीही हसला, मनगट धरून. कप्तान मात्र हसला नाही. त्याने तिथल्या तिथे दोन गोष्टी ठरवल्या. पहिली अशी की यापुढे हा दांडा फक्त शिंप्याने हलवायचा. कुणालाही जायचं असो, खुद्द कप्तानाला जायचं असो, आधी शिंप्याला हाक मारायची. दुसरी अशी की दांडा खाली आला की त्यात लोखंडी खिट्टी घालायची आणि मोठ्याने "बंद" असं सांगायचं. पलीकडच्या खोलीत सुकाणूवर बसलेल्याने "ऐकलं" म्हणायचं. ते "ऐकलं" कानावर आल्याशिवाय शिंप्याने माझ्यावरचा हात काढायचा नाही.

आचाऱ्याचं मनगट मोडलं होतं. त्याला बंदरात उतरवलं आणि तिथल्याच खानावळीत कामाला लावलं. जाताना तो अगदी रडवेला झाला होता. आपल्याला बोटीवरून काढलं म्हणून त्याने नशिबाला बोल लावला.

त्यानंतर आम्ही युद्धभर हिंडलो. दिवस असो की रात्र, शिंप्याच्या नावाने हाक आली नाही असा प्रहर गेला नाही. बिचारा डोळा लागतो न लागतो तोच उठायचा. "माझ्या लग्नातसुद्धा मला एवढ्या हाका मारल्या नव्हत्या," असं कुरकुरायचा, पण यायचा. मग माझ्या दारासमोर मोठमोठे अधिकारी पोट आवळून उभे राहायचे आणि शिंपी आला की त्याला वाट करून द्यायचे. शिंपी काम करायचा, मला दाबायचा, खिट्टी घालायचा, "बंद" म्हणायचा. "ऐकलं" आलं की चिंधीला हात पुसून निघून जायचा. कधी एकदाही चुकला नाही. मी सांगतो ना, माझ्याइतकं जवळून त्याचं काम कुणी बघितलेलं नाही.

एकदा शत्रूचं जहाज आमच्या डोक्यावरच येऊन थांबलं. आमची सगळी यंत्रं बंद केली. बोलायचं नाही, खोकायचं नाही, बूट वाजवायचे नाहीत, पंपाला तर हातच लावायचा नाही. ज्याला लागली त्याने दाबून धरायची. वरून स्फोटाचे गोळे खाली सोडत होते आणि बोट पत्र्याच्या डब्यासारखी हादरत होती. अशाच एका हादऱ्याने माझ्या मानेतली बांधणी ढिली झाली आणि पाणी झिरपायला लागलं. हातोडी चालवायची सोय नव्हती, आवाज झाला असता. शिंपी अनवाणी आला. खिशातून मेण लावलेला जाड दोरा काढला आणि दातांत धरून माझ्या मानेभोवती आवळत गेला, वेढ्यावर वेढा, गळणं थांबेपर्यंत. मग माझ्या मुठीवर हात ठेवून तिथेच बसून राहिला. जहाज निघून गेलं तेव्हा कप्तान आला, त्याने दोरा बघितला आणि शिंप्याचा खांदा थोपटला. मला आमचा शिंपी फार आवडायचा, मित्रांनो. लोखंडाला असं बोलायचा हक्क असेल नसेल, मी बोललो.

आमची शेवटची सफर परतीची होती. बंदर जवळ आलं होतं, पहाटेचं धुकं होतं आणि आम्ही अजून पाण्याखालीच होतो. घर जवळ आलं म्हणून बोटीत सगळे खुशीत होते. कुणीतरी शिंप्याला हाक मारली. त्याने नेहमीसारखं काम केलं, मला खाली दाबलं, खिट्टी घातली.

"बंद," तो म्हणाला.

"ऐकलं," पलीकडून आवाज आला.

तो हात पुसत इंजिनाकडे गेला. थोड्या वेळाने बोटीच्या नाकावर समुद्रात पेरलेला एक सुरुंग फुटला. वादळात साखळी तुटून वाहत आलेला असणार. त्यांचा होता की आपलाच, कोण जाणे. दिवे गेले, बोट नाकावर झुकली आणि सगळं शांत झालं. अजिबात वेळ लागला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण असलं काही ऐकलं की माणसं मनात नको नको ते आणतात. कुणाला घाबरायलासुद्धा पुरती सवड मिळाली नाही.

शिंप्याचं "बंद" ऐकणारे सगळे त्याच्याबरोबरच गेले. उरलो मी, आणि मला तोंड नाही.

किनाऱ्यावर काय झालं ते मी खूप पुढे, गोदीत पडल्या पडल्या माणसांच्या बोलण्यातून ऐकलं. खानावळीतला आमचा आचारी आपल्या फजितीची गोष्ट रंगवून रंगवून सांगायचा. समुद्राने व्याजासकट कसं परत केलं ते ऐकून गिऱ्हाइकं लोटपोट व्हायची. सगळ्या बंदराला ती तोंडपाठ झाली होती. अशात बोट परत आली नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली! लोकांनी दोनात दोन मिळवले आणि बोट संडासामुळे बुडाली असं ठरवून टाकलं. तो दांडा कुणाच्या हातात होता? शिंप्याच्या. मग चूक कुणाची? शिंप्याची. आचाऱ्याने घसा फोडून सांगितलं की ती फजिती माझी होती, शिंप्यानेच आम्हाला वाचवलं होतं. पण बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? त्यानंतर आचाऱ्याने ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. त्याच्यावाचून काही अडलंही नाही, लोक ती आपापली सांगत राहिले.

शिंप्याची बायको मागे एका तान्ह्या मुलीला घेऊन राहिली. तिने दुकान चालवायला घेतलं. मापं द्यायला आलेली माणसं आपसांत बघून गालातल्या गालात हसायची. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा पोरं तिला विचारायची, नळ नीट बंद करून आलीस का? आई त्या पोरांच्या घरी जाऊन भांडायची, चांगली खणखणीत भांडायची.

पण तिचं खरं दुखणं निराळंच होतं, आणि ते कळलं तेव्हा मी चाट पडलो. शिंप्याने घरी कधी काही लावलंच नव्हतं! दार सताड उघडं, कपाट उघडं, डबे एकीकडे आणि झाकणं दुसरीकडे, नळ ठिबकतोय तो ठिबकतोय. ती दिवसभर त्याच्या मागे एकेक लावत फिरायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. त्यामुळे ती लोकांशी भांडून घरी यायची आणि मग गुपचूप बसून विचार करायची की ह्यांच्या हातून राहिलंही असेल. एवढ्या माणसांचा जीव ह्यांच्या एका विसरण्याने गेला असेल. तिने हे वर्षानुवर्षं कुणालाही सांगितलं नाही, मुलीलासुद्धा नाही.

मी खाली होतो. माझ्या अंगावर शिंपले चिकटले, मुठीवर शेवाळ आलं. भांड्यात एका अष्टपादाने बिऱ्हाड थाटलं होतं. तो आपला खुशाल येत जात होता, शिंप्याला हाक मारायचा प्रश्नच नव्हता. मला तेवढीच करमणूक. बाकी वेळ जाता जात नव्हता.

मग बंदर खोल करायचं काम निघालं. गाळ उपसताना आमची बोट लागली. मोठमोठ्या याऱ्या, म्हणजे क्रेन, लावून तिला उचललं आणि गोदीत ठोकळ्यांवर ठेवलं. आतल्या माणसांना आधी बाहेर काढलं आणि सगळ्यांना मानाने निरोप दिला. शिंप्याची बायको त्या निरोपाला आली, पण गोदीकडे काही फिरकली नाही. बोटीतली कुठली वस्तू कशाची हे सांगू शकेल असा एकच माणूस जिवंत होता, आचारी. आता पार म्हातारा झालेला. त्याला बोलावणं गेलं. तो आधी तिच्या घरी गेला आणि म्हणाला की वहिनी, चला, आज दांडा बघून टाकू. ती नाहीच म्हणत होती. मुलीने हट्ट धरला तेव्हा कुठे निघाली. गोदीत आली, पण बोटीला लावलेल्या शिडीपाशी तिचे पाय अडले.

"उघडा निघाला तर?" ती मुलीला म्हणाली. "आज निदान माहीत तरी नाही. एकदा बघितलं की संपलं."

आणि मग तिने तिथेच, गोदीतल्या त्या खडखडाटात, मुलीला पहिल्यांदा सगळं सांगितलं. कपाटाचं, डब्यांचं, नळाचं. आचाऱ्यानेही ते ऐकलं. तो बॅटरी घेऊन शिडी चढला.

नाकाकडचा भाग फाटून बाहेरून आत वळलेला होता, म्हणजे बाहेर काहीतरी फुटलं होतं, ते त्याने येता येता बघितलं. पण त्याला तेवढं पुरे नव्हतं. त्याच्याबरोबर गोदीतला एक कामगार होता. त्याने पत्र्याच्या पट्टीने माझ्या अंगावरचे शिंपले खरवडले. मला बॅटरीचा उजेड सोसेना. आचारी वाकला, धापा टाकत गुडघ्यांवर बसला आणि चाचपडत माझ्या मुठीवर हात ठेवला. मग बोटं खाली सरकवली, खिट्टीपर्यंत. ती जागेवर होती, गंजून माझ्याशी एकजीव झालेली. आचारी बराच वेळ तसाच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे बाबा, माझ्यापाशी काय बसतोस, खाली जा, ती थांबली आहे!

तो एकदाचा उतरला. त्याचे डोळे अजून वाहत होते. त्याचा चेहरा बघून तिने डोळे मिटून घेतले.

"उघडाच ना, भावजी?"

"नाही वहिनी," तो म्हणाला. "बंद आहे. खिट्टीसकट."

तिचा विश्वास बसेना. ऐकीव गोष्टींनी तिचा जन्म पोळला होता, ती आता कशी विश्वास ठेवील? ती स्वतः शिडी चढली. मुलगी मागून हात देत होती. डोकं वाकवून, कोपर खरचटून घेत ती माझ्या खोलीत आली. तिने मला बघितलं. वर म्हणजे उघडं, खाली म्हणजे बंद, एवढं आचाऱ्याने तिला समजावलं होतं. मी खाली होतो. तिने दोन्ही हातांनी मला धरलं आणि वर ओढून बघितलं, पुन्हा एकदा ओढून बघितलं. मी हललो नाही. मला हलायचंही नव्हतं.

मग तिने हात सोडले. खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ती सरळ संडासाच्या भांड्यावर बसली. आणि हसायला लागली. आधी बारीक, मग खदखदून. मुलगी घाबरली. आई, काय झालं, असं विचारायला लागली.

"अगं, ह्या माणसाने घरी एक दार कधी धड लावलं नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि इथे बघ. इथे खिट्टीसुद्धा घातली."

मग मुलगीही हसली आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. आचारी दारात उभा होता. तिने त्याला आत बोलावलं आणि म्हणाली की भावजी, तुमची ती दुधाची गोष्ट मी लोकांकडून फार ऐकली, आता तुम्ही सांगा. त्याने कितीतरी वर्षांनी ती सांगितली, दूध उतू गेलं तिथपर्यंत. ती भांड्यावर बसून ऐकत होती. ह्या वेळी गोष्टीत शिंपी धावत येतो आणि गुडघे टेकून बोट वाचवतो, तो भाग कुणी वगळला नाही. इतकी वर्षं माझ्या मनावर असलेलं ओझं तेव्हा उतरलं. हायसं वाटतं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं.

तो गोदीतला कामगार भला माणूस होता. त्याला वाटलं, बाईंना दांडा हलवून बघायचा आहे आणि गंजामुळे जमत नाही. तो तेलाची बुधली घेऊन आला. खिट्टीवर थोडं तेल सोडतो, घटकाभरात मोकळी होईल, मग सावकाश वर करून बघा, असं म्हणाला.

तिने माझ्यावर हात आडवा धरला.

"नको," ती म्हणाली. "त्यांनी लावलंय. राहू दे लावलेलं."

मित्रांनो, आता मी एका संग्रहालयात आहे. मला झडपेसकट, खिट्टीसकट जसाच्या तसा आणून भिंतीवर बसवलं आहे. शिंपीणबाई मधून मधून येतात, पदराने माझी मूठ पुसतात आणि दांडा खाली आहे ना एवढं बघून जातात. मुलं येतात, पाटी वाचतात आणि फिदीफिदी हसतात. हसा की, मला राग नाही. पण अमक्याने चूक केली, तमक्यामुळे बुडालं, अशी एखादी मजेची गोष्ट तुमच्या कानावर आली, तर ती पुढे सांगण्याआधी एवढं विचारा की दांडा कुणी बघितलाय का. आणि मला भेटायला आलात तर मूठ खुशाल हातात धरा. वर मात्र ओढू नका. ते शिंप्याने लावलेलं आहे.